पद्माबाईचं पुरं नाव

पद्माबाईशी वाद घालून जिंकलेला माणूस सेनगाव तालुक्यात अजून जन्मायचाय. तलाठी आले, बदलून गेले. बाई आपली गावाबाहेरच्या दोन एकर गायरानात सोयाबीन आणि तूर पेरतेच आहे. सासऱ्याने खडक फोडून केलेलं हे रान, पण सातबारा सरकारचा. दर दोन-चार वर्षांनी अतिक्रमणाची नोटीस येते. बाई तहसीलला जाऊन चार तास ताटकळते, परत येते आणि वेळ झाली की पुन्हा तिफण धरते.

तिची लेक प्रियदर्शनी हिंगोलीत वकिली शिकते. यंदा वादविवाद स्पर्धेला विषय होता, आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार पॅलेस्टाईनला राष्ट्राचा दर्जा मिळाला पाहिजे. पोरीकडे बाजूने बोलायचं आलं. तयारी ऐकायला घरात कोण, तर आई, आणि ही काही फुकटची मान डोलावणारी नव्हे. रानात खुरपता खुरपता तिने सगळं ऐकलं. आपला कारभार आपण ठरवायचा हक्क प्रत्येक लोकसमूहाला असतो. दीडशेवर देशांनी मान्यता दिलीय, भारताने तर १९८८ सालीच. पण संयुक्त राष्ट्रांचं पूर्ण सदस्यत्व तेवढं अडून बसलंय.

"म्हंजे गाव मानतंय, पण फेर व्हईना," पद्माबाई म्हणाली.

लेकीने ते लगेच वहीत टिपून घेतलं. जमिनीवर नाव चढवायचा फेरफार आणि राष्ट्राची मान्यता यांची सांगड तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. मग आपल्या गायरानाचंच उदाहरण द्यावं, असं तिने भीत भीत सुचवलं. पद्माबाई उखडली. सभागृहात गावची माणसं असणार, उद्या अतिक्रमणवाल्यांची पोरगी म्हणून बोटं दाखवतील. आपली लाज चावडीवर मांडायची काही गरज नाही, असं तिने ठणकावलं.

लेकीलाही वेगळीच धास्ती होती. उदाहरण उलटायची भीती. विरुद्ध बाजूची ऐश्वर्या भलती हुशार. कसणाऱ्याचा हक्क मानता, तर मग ज्याच्या ताब्यात भूमी त्याचीच ती, म्हणजे इस्रायलची, असं ती म्हणणार. शिवाय इस्रायललाही सुरक्षित राहायचा हक्क आहे, सीमा बोलणी करून ठरू द्या, हे तिचं म्हणणं काही टाकाऊ नव्हतं.

पद्माबाईचं खुरपं थांबलं. तीस वर्षं ताबा, ताबा ऐकून तिचे कान किटले होते.

"आपण कुणाला हाकलून पेरलं न्हाई," ती म्हणाली. "खडक व्हता तिथं. समदा ताबा एक नसतो, बाई."

तिने हातातली ओळ खुरपून संपवली. मग म्हणाली, "सांग आपलं रान. पण कुणी एक बाई, असं म्हणू नको. मह्यं नाव घे. पुरं."

स्पर्धेच्या दिवशी ऐश्वर्याने अपेक्षेप्रमाणे बाजी मारत आणली. सीमा ठरलेल्या नाहीत, भूमीवर सत्ता नाही, तर राष्ट्र केवळ कागदावरचं, हा तिचा मुद्दा. टाळ्या दणकून पडल्या. मागच्या रांगेत पद्माबाईचा जीव टांगणीला लागला.

प्रियदर्शनी उठली. सीमा बोलण्यातून ठरतील, शेजाऱ्याची सुरक्षाही ठरेल, पण लोकांचा हक्क तोवर खुंटीला टांगून ठेवता येत नाही, असं तिने मांडलं. बळाने भूमी मिळवता येत नाही, हे जागतिक न्यायालयाने २०२४ सालच्या सल्लागार मतातही सांगितलंय, याची तिने आठवण करून दिली. मग तिने हातातले कागद खाली ठेवले.

"ताबा आणि हक्क यांतला फरक मला एका शेतकऱ्याने शिकवला. कुणालाही न हाकलता, खडकाच्या रानात तीस वर्षं पेरणाऱ्या आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकऱ्याने. तिचं नाव, पद्माबाई मुंजाजी पाईकराव."

पद्माबाई उभी राहिली. तहसीलला नावाचा पुकारा झाला की उठायचं, हे अंगात इतकं मुरलेलं, की काय होतंय ते कळायच्या आत ती उठलीच. सगळं सभागृह मागे वळलं. गावचे दोघे-तिघेही वळले. आजवर हे नाव नोटिशीवर आलं होतं. शेतकरी म्हणून कुणी पुकारलं नव्हतं. बाईने पदर सावरला आणि ताठ मानेने उभी राहिली.

परीक्षक हसून म्हणाले, बसा बाई.

"तिचं व्हऊ द्या," पद्माबाई म्हणाली. "मंग बसते."