अर्धं काम

"तिथंच उभी राह्य वं बाई. हालू नको. तू म्हंजे वॉर्ड नंबर तीन."

उपसरपंच असं म्हणाला आणि पटांगणातली माणसं हसली. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगायची लाज वाटेल.

ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण. गावाचा पाच वर्षांचा विकास आराखडा करायचा म्हणून तालुक्याहून एक प्रशिक्षक आला होता. गावकऱ्यांनीच आपल्या गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढायचा, अशी त्याची पद्धत. पांढऱ्या रांगोळीची घरं, पिवळ्याचे रस्ते, निळ्याच्या नाल्या. बायांनी जरूर यावं, अशी दवंडी होती. म्हणून मी गेले. दहावी पास, बचत गटाची सचिव, अंगावर ठेवणीतली साडी. वहीच्या पानावर एकच मागणी लिहून नेली होती. बौद्धपुऱ्यातली उघडी नाली बंदिस्त करा. अख्ख्या गावाचं सांडपाणी उतारानं आमच्याकडे येतं आणि आमच्या दारांतून वाहतं. माझ्या चुलीपासून ती नाली सात पावलांवर आहे.

ग्रामसेवकानं मला पाहिलं. "आलीच आहेस तर एवढं पटांगण झाडून घे. धुळीवर रांगोळी बसत नाही."

झाडू भिंतीला टेकून होता. त्याच्या बाजूला पंचायतीचा शिपाई तंबाखू मळत बसला होता. खुर्च्यांवर मोठ्या घरच्या सुना होत्या. त्यांना कोण म्हणणार? मी पदर खोचला आणि झाडलं. मागणीचा कागद कमरेला, हातात झाडू.

मग गाव उमटायला लागलं. देऊळ आलं. शाळा आली. डेअरी आली. उपसरपंचाची विहीर आली, कठड्यासकट. आमच्या वॉर्डाची पाळी आली तेव्हा पांढरी रांगोळी संपली. प्रशिक्षक म्हणाला, दुकानातून मागवू. उपसरपंच म्हणाला कायले, ही काय उभी हाये ना. आणि मला बोटानं दाखवून एका कोपऱ्यात उभं केलं.

मी वस्ती झाले. चाळीस घरं झाले. एप्रिलच्या उन्हात दोन तास. कुणीतरी निळी रेघ ओढत आणली आणि माझ्या चपलांपाशी थांबवली.

"नाली कुठं संपते?" प्रशिक्षकानं विचारलं.

"इच्या पायापाशी."

पुन्हा हसणं. फोटो निघाले. पुढं आराखड्याची पुस्तिका छापून आली, त्यात तो फोटो आहे. खाली लिहिलंय, 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग'. मी त्यात गुडघ्यांपर्यंत आहे. त्यावर कापलेली. मागणीचा कागद कुणी मागितला नाही, आणि मीही मूग गिळून घरी आले.

नंतरची वर्षं नालीनं खाल्ली. माझ्या सासूला शुगर. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, ते उपसताना काचेचा तुकडा तिच्या टाचेत गेला. हळद भरली, फडकं बांधलं. जखम भरेना. रोज त्याच पाण्यातून जाणं-येणं. पाय काळा पडला. वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला पाठवलं. तिथं तो गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर म्हातारीनं पहिला प्रश्न केला, "घरातलं पानी उतरलं का वं?"

यंदा आराखड्याचा आढावा घ्यायला ग्रामसभा भरली. ग्रामसेवक यादी वाचत होता. शाळेची भिंत, पूर्ण. स्मशानभूमीचं शेड, प्रगतीपथावर. बंदिस्त नाली, वॉर्ड दोन ते वॉर्ड तीन, पूर्ण.

मी उठले. "पूर्ण कुठी झाली? आमच्या दारात त उघडीच वाहून राह्यली."

त्यानं कागदावर उतरवलेला तो रांगोळीचा नकाशा उघडला. "रेघ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पाइप टाकलाय. आराखड्याप्रमाणे काम पूर्ण आहे."

घोडं कुठं पेंड खातंय ते तेव्हा कळलं. त्यांनी पाइप थेट माझ्या पायापर्यंत आणला होता. गावभराची घाण आता त्या पाइपातून जोरानं येऊन आमच्या तोंडाशी सुटत होती. त्यांच्या गल्ल्या कोरड्या झाल्या. आमची नाली दुप्पट झाली. आणि कागदावर पूर्ण.

मी म्हटलं, "माह्या सासूचा पाय गेला या नालीपायी."

उपसरपंच खुर्चीत मागं रेलला. पान तोंडात. म्हणाला, "म्हंजे आता म्हातारीचा एकच पाय भरते. अर्धं काम त झालं ना वं!"

सभा हसली. खुर्च्या हसल्या, सतरंजी हसली. आमच्या वस्तीतले दोघं बापेही हसले. त्यांच्यावर मला राग नाही आला. ते हसणं मला ओळखीचं होतं. आपल्यावरच केलेल्या थट्टेत आपणच आधी हसायचं, म्हणजे मार हलका लागतो. मी तसंच हसले होते. त्या हसण्याची मला किळस आली. अंगाची लाही लाही झाली आणि डोकं मात्र एकदम थंड पडलं.

हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. गटाच्या बायांच्या सह्या घ्यायला त्यांनीच दिलेलं. आमच्या सह्यांशिवाय सभेचा कोरम भरत नव्हता.

मी ते मिटून मांडीवर ठेवलं. ग्रामसेवकाला म्हटलं, "हे लिहा."

"काय?"

"आता उपसरपंच बोलले ते. जसंच्या तसं. इतिवृत्तात."

"मजाक केली वं बाई," उपसरपंच म्हणाला.

"मजाक बी लिहा."

ग्रामसेवक म्हणाला, असं लिहिता येत नाही. मी म्हटलं, मग सह्याही करता येत नाहीत. एवढंच बोलले. बाया हलल्या नाहीत. एकीनं काढलेला अंगठ्याचा पॅड परत झाकला. ग्रामसेवकानं पेन काढलं. 'एका महिलेने आक्षेप घेतला' असं लिहून वही मिटायला लागला. मी म्हटलं, नाव. माझं नाव, उपसरपंचाचं नाव, म्हातारीचं नाव. मग ते वाक्य. शब्द शब्द मी सांगितला आणि त्यानं लिहिला. मग मी रजिस्टर उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपसरपंच आमच्या दारात. मतं मागायला यायचा ते सोडून पहिल्यांदा. बाजेवर बसला, नाली खालूनच वाहते म्हणून पाय वर घेऊन.

"ताई," म्हणाला. बाईची मी ताई झाले. "तेवढं वाक्य खोडू दे. पोराचं जुळून राह्यलं. सोयऱ्यापर्यंत गोष्ट गेली त काय इज्जत राहीन? तू हो म्हण, उद्याच्या उद्या पुढचा पाइप टाकतो."

खोटं कशाला बोलू, मी डळमळले. एका वाक्याच्या बदल्यात चाळीस दारं कोरडी. आत सासू पडली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आतूनच म्हणाली, "माह्या पायाचं हाये ते. खोडू नको."

मी त्याला म्हटलं, "पाइप टाका. ते तुमचं कामच हाये. वाक्य राहीन."

"मंग भोगा," म्हणाला आणि गेला.

पाइप आला नाही. पहिल्याच पावसात पाणी चुलीत शिरलं. वस्तीतल्या काहीजणी माझ्याशी बोलत नाहीत. तुह्या एका वाक्यापायी आमी कुजून राह्यलो, म्हणतात. त्यांचंही चूक नाही. मी ते ऐकून घेते आणि पाणी उपसते.

पुढची ग्रामसभा जवळ आली आहे. प्रत्येक सभेचा विषय क्रमांक एक ठरलेला असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर कुणी वाचलं नाही. 'वाचलं समजा' म्हणतात आणि पुढं जातात. या वेळी समजणार नाही. ग्रामसेवकाला वाचावं लागेल. त्याला कंठ फुटला नाही तर वही ओढून घेईन आणि मी वाचीन, उपसरपंचाच्या सोयऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्याचं नाव, त्याचं वाक्य, म्हातारीचा पाय. मग सगळ्या गावाला सांगीन, हात वर करा. कायम करा.