आत्याच्या विरजणाची वंशावळ

सन दोन हजारच्या आसपास मी पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक होतो. म्हणजे बाटल्या धुता धुता जिवाणूंचा डीएनए बघायचो. जिवाणूच्या डीएनएत काही छोटे तुकडे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. का येतात, हे मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं. पण आमच्या आत्याच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी 'काय सांगू बाई' येतं ना, तसं. तुकडा तोच, पण दोन तुकड्यांमधलं अंतर प्रत्येक वाणाचं वेगळं. त्या मधल्या भागांच्या नकला काढून जेलमध्ये, म्हणजे खरवसासारख्या थलथलीत वडीत, विजेने पळवल्या, की पांढऱ्या रेघा उमटतात. रेघा जुळल्या तर जिवाणू एकाच घराण्यातले.

ही विद्या पाजळायची हौस मला अवसरीत, आत्याच्या सासरी, नडली.

आत्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. आत्या स्वतःच्या लग्नात येडगावहून, म्हणजे आमच्या घरून, आजीच्या हातचं विरजण घेऊन आली होती. तेच आता लेकीबरोबर सासरी धाडायचं, हा तिचा हट्ट. त्यावर थोरली जाऊ चारचौघांत म्हणाली, "कसलं म्हायेरचं! ते कवाच नासलं. माझ्या वाटीतलं नेलंयस तू." दोघींचं बोलणं बंद.

"आत्या, मी तपासून देतो," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

आत्याचं, जाऊबाईंचं आणि आमच्या घरचं अशी तीन दही मी पुण्याला नेली. एका वाटीत जिवाणूंची अख्खी जत्रा असते. मी प्रत्येकीतला एकेक धरला आणि स्वतःला न्यायाधीश समजलो. आत्याच्या आणि जाऊबाईंच्या रेघा तंतोतंत जुळल्या. आमच्या घरच्या भलत्याच निघाल्या.

आधी येडगावला जाऊन आईला रेघांचा फोटो दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "आपलं मी दोन वर्षांपूर्वीच घालवलं. डेअरीच्या दह्याचं लावलंय. आत्याला बोललास तर याद राख."

झालं! खरं सांगावं तर आई जाते, गप्प बसावं तर आत्या.

अवसरीत दोघी अंगणात एकमेकींकडे पाठ करून कुरडया घालत होत्या. मी घसा खाकरून एवढंच म्हणालो, "तुम्हा दोघींचं एकच आहे. येडगावचं जुळत नाही."

जाऊबाईंचा चेहरा फुलला. आत्याने फोटो उलटासुलटा बघितला. मग म्हणाली, "म्हंजी वहिनीनं माझ्या आईचं विरजण घालवलं! काय सांगू बाई!"

मी कुरडयांवरच्या माशा हाकू लागलो.

"तरीच!" जाऊबाई गर्रकन वळल्या. "येडगावच्या जत्रेला गेलो तवा तुझ्या वहिनीचं ताक लई पानचट व्हतं, मी बोलले न्हाई."

"व्हय की वो! मला वाटलं, मलाच तसं लागतंय."

कुणी कुणाच्या वाटीतलं नेलं, हे रेघांना सांगता येत नव्हतं आणि आता कुणी विचारतही नव्हतं. आईच्या ताकावरून गाडी तिच्या भाजीवर गेली, भाजीवरून माझ्या वळणावर. लेकीचा डबा आत्याने भरला, फडकं जाऊबाईंनी बांधलं.

निघताना माझ्याही हातात एक डबा आला.

"आईला दे. म्हनावं, सासूचं हाय, आता तरी जप."

"आन् पावणं," मागून जाऊबाई, "माझ्याकडनं बी सांगा."