नंदीच्या माथ्यावरची कॉफी

कोल्हापूरहून निघालो तेव्हा उजाडायचं होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आमच्या सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "रागाच्या भरात गाडी चालवू नका." मी म्हणालो, "राग नसता तर बंगळूरला माझं कामच काय होतं?"

रागाचं कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास समजेल. आमच्या गावातले पाच-सहा मोटारवेडे दरवर्षी पन्हाळ्याच्या चढावर गाड्यांची शर्यत लावतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकच चढ. त्यात सरदेसाई असतात. यांच्याच ट्रकांवर मी कधीकाळी क्लीनर होतो. आज माझे स्वतःचे ट्रक आहेत, आणि हे त्यांना अजून पचलेलं नाही. एका जहागीरदाराच्या गोठ्यात पडलेली दोन आसनांची इंग्रजी गाडी मी घासाघीस करून मिळवली आणि चालती केली. गेल्या वर्षी तिच्यासह शर्यतीत उतरलो, आणि सरदेसायांनी मला मागे टाकलं. त्याचं दुःख नाही. पण माथ्यावर त्यांनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि भरल्या मांडवात म्हणाले, "मोहिते, गाडी झकास आहे हो तुमची. पण गाडी काय, मालकाच्या ऐपतीएवढीच धावते." सगळे हसले. मी भजी तशीच ठेवून उठलो.

नंतर कळलं की सरदेसायांनी बंगळूरहून इंजिनाला ब्लोअर बसवून आणला होता. साधं इंजिन आपल्यासारखंच असतं, जेवढी हवा स्वतःच्या ताकदीने आत ओढेल तेवढ्यावर चालतं. ब्लोअर म्हणजे त्याच्या छातीत जबरदस्तीने हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. मी ठरवलं, आपणही बसवायचा. यंदाच्या शर्यतीच्या आत.

निपाणी, बेळगाव, धारवाड मागे टाकत हुबळी गाठली. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. गाडीवान निवांत झोपलेले, बैल आपल्या मनाने चाललेले. हॉर्न वाजवून वाजवून माझा अंगठा दुखला. बैलांनी कानही हलवला नाही. दावणगेरीला लोण्याचा डोसा खाल्ला. "लोणी अजून घाल," असं मी म्हटल्यावर हॉटेलवाल्याने बोटभर गोळा टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याचं घरच मागितलं. मी तसाच त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने आणखी एक गोळा टाकला. एवढ्यावर मी चित्रदुर्गपर्यंत खुशीत होतो. तिथले खडक बघावेत, एकावर एक असे रचलेले की वाटतं, कुणीतरी भांडणात भिरकावून दिले आणि परत उचलायला आलाच नाही.

तुमकूरच्या अलीकडे रस्त्यातला एक दगड चुकवता आला नाही आणि सायलेन्सर तुटून लोंबू लागला. तो तारेने बांधला, पण आवाज काही बांधता येईना. मल्लेश्वरमच्या शांत गल्लीत मी शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. माझी धाकटी बहीण सुमन फाटकात उभी होती. "दादा, विमानाच्या कारखान्यात हे कामाला जातात," ती म्हणाली, "विमान घरी येईल असं वाटलं नव्हतं!"

तिचे यजमान, आमचे दाजी, विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर आहेत. ब्लोअरचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले. "अहो, उंचावर हवा विरळ होते. विमानाचं इंजिन तिथे धापा टाकायला लागतं, म्हणून हवा दाबून द्यावी लागते. गाडीला तेच करायचं. मला एकदा जमिनीवर बघायचंच आहे हे." जेवताना त्यांनी मला पोळीच्या तुकड्यांनी सगळं इंजिन मांडून दाखवलं. सुमनने ते इंजिन भाजीसकट उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरला गेलो. लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी सामानावर उभी राहिलेली दुकानं, पत्रे ठोकणारे, टायर शिवणारे, बिर्याणीचा वास आणि बसचा धूर. तिथे गणोजीरावांचं वर्कशॉप आहे. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. जाडजूड माणूस, पांढऱ्या मिशा, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मराठी बोलतात, पण निम्मी कानडीत भिजवून.

"येवा येवा, राव. कोल्हापूर म्हणजे आपलंच की. तिथल्या सरदेसायांना मीच बसवून दिलोय."

"म्हणूनच आलोय," मी म्हणालो.

अण्णांनी ब्लोअर दाखवला. चकचकीत पुसलेला, एखाद्या देवासारखा फडक्यात गुंडाळलेला. मग काम काय काय आहे ते सांगितलं. जास्तीचा दाब सोसायला पिस्टनचे माथे कातून खाली आणायचे. मी विचारलं, "पुढे पटलं नाही तर?" अण्णा म्हणाले, "कातलेलं परत कसं येईल, राव?" आणि नवे पिस्टन म्हणाल, तर परदेशी सुटे भाग हल्ली आयात परवान्याशिवाय दिसतही नाहीत. म्हणजे एकदा हो म्हटलं की कायमचं. हे काम बिघडलं तर माझी गाडी पुन्हा गोठ्यात.

किमतीवरून आमची जुंपली. मी तीनदा उठून गेलो, त्यांनी तीनदा बोलावलं. शेवटी अण्णा म्हणाले, "तोंडाने कशाला? उद्या नंदीवर जाऊ. माझ्या गाडीला ब्लोअर आहे, तुमचीला नाही. माथ्यावर पोचलं की तुम्हीच सांगा." मधल्या वेळात त्यांनी माझा सायलेन्सर जोडून दिला, आणि त्याच्या मजुरीत एक आणाही सोडला नाही. माणूस मला आवडला.

सकाळी दाजींना शेजारी बसवून निघालो. देवनहळ्ळीला किल्ल्याच्या भिंतीबाहेर बायका चकोत (पपनस) विकत बसल्या होत्या. मी दर पाडून मागितला. म्हातारी वर न बघता म्हणाली, "बेडा अंद्रे बिडी" (नको तर राहू द्या). दाजी हसून गाडीला टेकले. मी तिने सांगितलेल्या दराने दोन घेतले. फळं गोड निघाली याचाही मला राग आला.

नंदीच्या पायथ्याशी अण्णा त्यांची हिरवी गाडी घेऊन उभे होते. चढाला लागलो. पहिल्या दोन वळणांत मी त्यांना सोडलं नाही. मग चढ अंगावर आला, झाडी दाटली, हवा गार झाली आणि माझ्या गाडीचा जोर बोटांतून निसटावा तसा जाऊ लागला. पाय तळाला टेकला तरी ती ओढेना. पुढून मात्र ब्लोअरची शीळ येत होती, बारीक आणि कोरडी. प्रत्येक वळणाला ती शीळ लांब जात होती. मला त्या शिळेत सरदेसायांचं हसू ऐकू येत होतं. दाजी ओरडले, "विरळ हवा! म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो, "गप्प बसा!" सुमनला हे सांगू नका असं त्यांनी नंतर मलाच बजावलं.

वर पोचलो तेव्हा अण्णा झाडाखाली बाकावर बसून मिशा पुसत होते. गाडी वाऱ्याला तोंड करून लावलेली, बॉनेट उघडं. "कसं, राव?"

मी हरलो होतो आणि घ्यायचं मनात पक्कं झालं होतं. पण हरलेला माणूस सौदा करतो तेव्हा लुबाडला जातो, म्हणून म्हटलं, "आणखी एकदा. आत्ता खाली, आणि लगेच परत वर."

"सरी, सरी (बरं, बरं). पण स्वल्प (थोडंसं) थांबा. कॉफी सांगिटलोय."

कॉफी आली. मग उप्पीट आलं. मी उठलो, तर अण्णांनी हात धरला. "आणि एक कॉफी. पाहुणे तुम्ही." नंतर नंदीचं देऊळ बघा म्हणाले, कड्यावरून दरी बघा म्हणाले. एवढं अगत्य मला सासरीही झालेलं नाही. आणि तेवढ्यात वाऱ्याची दिशा फिरली व तो वास आला.

ट्रकवर वाढलेल्या माणसाला तो वास झोपेतही कळतो. मी हिरव्या गाडीपाशी गेलो. रेडिएटरमध्ये पाणी अजून उकळून गुडगुडत होतं; इंजिन निवल्याशिवाय ती गाडी हलणार नव्हती. झाकणावर फडकं टाकलं होतं, त्याला वाफ लागून ते ओलं झालं होतं.

"अण्णा," मी विचारलं, "ही कॉफी माझ्यासाठी, की इंजिनासाठी?"

 अण्णा इतके हसले, की त्यांची कॉफी धोतरावर सांडली. "दोघांसाठी हो!"

आणि मला पन्हाळा आठवला. सरदेसायांनी त्या दिवशी सगळ्यांना चहावर चहा पाजला होता, भज्यांचे घाणे उतरत होते, भाषणं चालली होती, कुणाला उठू देत नव्हते. मी त्याला त्यांची श्रीमंती समजलो होतो. ती त्यांच्या इंजिनाची धाप होती.

दाजी हिशेबी माणूस. ते म्हणाले, "दादा, पण शर्यत एकाच चढाची आहे. माथ्यापर्यंत टिकलं की झालं. जिंकायचं असेल तर अण्णांचं बरोबर आहे."

अण्णांनी संधी सोडली नाही. "नोडी (बघा), इंजिनियरसाहेबच सांगताहेत. तुम्हाला अर्ध्यात देतो."

अर्ध्या किमतीत मिळणारी वस्तू मी आयुष्यात कधी सोडलेली नाही. क्षणभर हात पुढे गेलाही. मग माझ्या गाडीकडे पाहिलं. धुळीने भरलेली, कोल्हापूरहून एका दमात आलेली, आणि इतका वेळ उभी असूनही तिला कुणाच्या कॉफीची गरज लागली नव्हती. तिचे पिस्टन कातायचे, ते कुणासाठी? वर्षातून एकदा, चार वळणं, एका माणसाचं तोंड बंद करायला. उरलेलं वर्ष मी तिला सावलीत उभी करून लोकांना चहा पाजत बसायचं?

"फुकट दिलात तरी नको."

"मग हरताव की हो, राव!"

"हरेन. पण वर पोचलो की तशीच वळवून खाली आणीन. कुणाला चहा न पाजता."

दाजींचा चेहरा पडला. मी त्यांना तिथेच बाकावर ठेवलं, गाडी वळवली, नंदी उतरलो आणि तसाच पुन्हा चढलो. हळूहळू चढली ती, पण चढली. अण्णा रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. मी जवळून गेलो तेव्हा त्यांनी हात जोडले. चेष्टेने की खरोखर, ते मी थांबून विचारलं नाही.

परत येताना वाटेत मी कुठेही भांडलो नाही, हे सौभाग्यवतींना अजून खरं वाटत नाही. गाडीच्या इंजिनाला काही लावलं नाही, काही काढलं नाही. गावात बोलणं सुरू झालंय की मोहित्यांना बंगळूर परवडलं नाही. खुशाल बोलावं. ऐपत कशाला म्हणतात याबद्दल माझं आणि सरदेसायांचं पटणार नाही, हे मला आता नक्की कळलंय.

हे छापून येईल तेव्हा यंदाची शर्यत व्हायची असेल. मी नाव दिलं आहे. पहिलं कोण येईल ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही. पण ज्यांना माझी गाडी बघायची असेल त्यांनी मांडवात बसू नये, वाटेतल्या वळणावर उभं राहावं. माथ्यावर मी थांबणार नाही.