गरम, थंड, गरम

द्रौपदी घरोघर, दुकानोदुकान फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे पाहायची. कुष्ठरोग पाहणीची नोकरी, वर्ष १९८९, भाग उल्हासनगर. पिशवीत ऊन पाण्याचा थर्मास, गार पाण्याची बाटली आणि काचेच्या दोन नळ्या. चट्ट्याखालची नस मरू लागली की बहुतेकदा आधी ऊन-गार कळेनासं होतं. हात लावलेला कळत असतो, त्यामुळे काही गेलंय हेच माणसाला समजत नाही.

सुदामच्या इस्त्रीच्या टपरीपाशी ती थांबली, ती त्याच्या डाव्या करंगळीवरचा फोड पाहून.

"दादा, हे कधी भाजलं?"

"कुठे?" त्याने हात उलटसुलट केला. मग हसला. "इस्त्रीवाल्याचा हात, ताई. त्याला काय होतंय!"

कोपराखाली फिकट चट्टा होता. तिने त्याला आत, कपड्यांच्या आडोशाला बसवलं आणि एका नळीत ऊन, दुसरीत गार पाणी भरलं.

"डोळे मिटा. काय लागतं ते सांगा."

"गरम." बरोबर.

"थंड." बरोबर.

"गरम... थंड."

बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "अरे सुदाम, पँट देता है कि सो गया?"

"सोया नहीं साईं, परीक्षा दे रहा हूँ!"

द्रौपदी हसली. नळ्या पुसताना मात्र तिचा हात थांबला. नळ्या तिने पाळीपाळीनेच लावल्या होत्या. तिने पुन्हा डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यावर गार नळीच तीनदा टेकवली.

"गरम," सुदाम म्हणाला. "थंड. गरम."

"तिन्ही गार होत्या, दादा."

त्याने डोळे उघडले. आवाज एकदम खाली गेला. "दिवाळीपासून कळत नाही. पण नाव लिहू नका. उद्या इथे एक शर्ट येणार नाही. तीन पोरी आहेत मला."

"सहा महिने गोळ्या घेतल्या की बरं होतं. कपड्यांतून कुणाला लागत नाही."

"ते तुम्हाला ठाऊक. त्यांना?"

त्याने गोळ्या घेतल्या नाहीत.

रात्रभर तिला तो प्रश्न सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, तिला कुष्ठरोगवाली ताई म्हणून ओळखणाऱ्या चार गिऱ्हाइकांसमोर तिने त्याच्या टेबलावर गाठोडं ठेवलं. नवऱ्याचे शर्ट, मुलीचा शाळेचा झगा. सगळ्यांत वर तिची सुती साडी.

सुदाम बघत राहिला. हळूच म्हणाला, "यात तुमची साडी आहे."

"मग? उद्या नेसायचीय. काठ नीट दाबा."

त्याने गाठोडं आत ओढून घेतलं.

"संध्याकाळी न्यायला या," तो म्हणाला. "येताना गोळ्या आणा."