परतीच्या दिवशीचं इंजिन

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आज कुणीतरी जुनी स्कूटर चालू करत होतं. पेट्रोलचा वास बाल्कनीपर्यंत आला आणि काकांची बोट आठवली. दर मे महिन्यात आम्ही दिल्लीहून कोकणात त्यांच्याकडे जायचो. बोटीचं इंजिन भलतं लहरी, आणि हमखास बंद पडायचं ते परतीच्या दिवशी, सकाळी शेवटचे मासे धरायला गेलो की. त्या वर्षीही तेच झालं. किनारा लांब, ऊन चढलेलं, आणि काका घामाघूम होऊन इंजिनाची दोरी ओढत होते. "आत्तापर्यंत तर नीट चालत होतं!" ते वैतागून म्हणाले. आई सारखी म्हणत होती, "अहो, गाडी सुटेल." ऑफिसला पाच मिनिटं उशीर झाला तरी चिडणारे बाबा मात्र निवांत गळ टाकून बसले होते. आमिषाची कोळंबी घ्यायला मी त्यांच्या पायाशी वाकले, तर पेट्रोलच्या टाकीचा कॉक बंद, आणि बाबांचा हात अजून त्याच्यावरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. गाडी चुकलीच. आज वास आल्यावर बाबाच म्हणाले, "दादाचं ते इंजिन, ऐन वेळी दगा द्यायचं." मी म्हटलं, "बिल्कुल."