बाहुलीचा भाव

एकोणीसशे साठच्या सुमारास नवऱ्याला बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि मी पुण्याहून थेट कारखान्याच्या कॉलनीत येऊन पडले. वाणी मराठी, शेजारणी मराठी, शाळा-दवाखाना कुंपणाच्या आत. दोन वर्षांत कानडीचं एक अक्षर आलं नव्हतं, तरी हे गाव मला आवडत नाही, असं मी ठासून सांगत असे. ‘यांच्यासाठी पुण्यात नोकरी बघा’ असं वडिलांना लिहिलेलं पत्र पिशवीत पडून होतं, फक्त टाकायचं राहिलं होतं.

यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरची बायको समोरच्या गेस्ट हाउसमध्ये राहत होती. सकाळच्या उकडलेल्या अंड्यापासून रविवारच्या नंदी हिल्सपर्यंत तिला सगळं आयतं मिळे. गाडी आणि ड्रायव्हर दारात उभे. एकदा ती माझ्या मोडक्या इंग्रजीला झेपेल अशा बेतानं म्हणाली, “तीन महिने झाले, तुमच्या देशात मी एकदाही स्वतः रस्ता ओलांडला नाही. तुमचं गाव दाखवाल?”

माझं गाव म्हणे. मला बसचा नंबरही ठाऊक नव्हता. पण कबूल कोण करणार? म्हटलं, दाखवते.

नवरात्राचे दिवस होते. एकदा उलट्या बसमध्ये बसून, मग दोनदा बस बदलून आम्ही बसवनगुडीत उतरलो. एका उघड्या दारातून आत पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या दिसल्या. लाकडी राजाराणी, वाणी-वाणीण, इवली भांडी. जर्मन बाई त्या राणीवरून नजर काढेना. भाव करणं माझ्या हातचा मळ, मी सरळ आत शिरले. कुणी दिसेना. “गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी विचारायला माणूस नाही,” मी मराठीत पुटपुटले.

आतून एक बाई हात पुसत आली. “दुकान नाही अक्का, घर आहे आमचं. आलात तर स्वल्प बसा.”

तिचे मराठी पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. राणी तिच्या आईच्या लग्नातली. नवरात्रात इथे घरोघर बाहुल्या मांडतात, बघायला येणारीनं गाणं म्हणायचं आणि उसळ खायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोंडल्याचं एक गाणं कसंबसं म्हटलं. जर्मन बाईनं तिच्या आईचं अंगाईगीत म्हटलं आणि डोळे पुसले. घरातली बाई दोघींना सारख्याच मायेनं हरभऱ्याची उसळ वाढत होती.

“बंगळूर आवडलं का?” तिनं विचारलं.

उत्तर माझं पाठ होतं. पण ओठावर आलं ते वेगळंच. “अजून बघितलंच नाही.”

“सरी, बरं. मग शुक्रवारी या. मी दाखवते.”

निघताना तिनं कुंकू लावून विडा-नारळ दिला. नारळाला जागा करायला मी पत्र बाहेर काढलं, ते पुन्हा पिशवीत ठेवलं नाही.

जर्मन बाई महिन्याभरात मायदेशी गेली. ‘दाखवाल का’ असं तिनं विचारलं नसतं, तर मी कुंपणाच्या आतूनच पुण्याला परतले असते. तिचे आणि बसवनगुडीतल्या त्या बाईचे उपकार मी विसरलेले नाही. आता नवरात्रात माझ्याही घरी पायऱ्या मांडलेल्या असतात. नऊ दिवस दार उघडं ठेवते, कुणी नवखी भाव विचारत आत येईल म्हणून.