आजोबांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या सिरियलमध्ये आजोबा असे का बोलतात?" आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली तेव्हा तुम्ही फार लहान होता. सिरियलमधला आवाजच त्यांचा, असं तुमच्या मनात पक्कं होण्याआधी हे लिहिते आहे.

ती मालिका इथेच इंदूरला झाली, राऊ गावाच्या पुढच्या उघड्या माळावर आणि परदेशीपुऱ्यातल्या एका बंद मिलमध्ये. काउबॉयच्या सिनेमात असतं तसं सगळं: धूळ, एकटा इन्स्पेक्टर, घोड्याच्या जागी जीप आणि जमिनीपायी पडणारे खून. त्यांना मिलचा म्हातारा चौकीदार हवा होता. आजोबा तरुणपणी अशाच मिलमध्ये टाइमकीपर होते, शिवाय गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांत दरवर्षी काम करायचे. कुणीतरी त्यांना सुचवलं.

एकच प्रसंग, चार वाक्यं. शेवटचं होतं, "साहब, फाटक मैंने ही खोला था." आठवडाभर सकाळचा चहा झाला की तालीम. मी इन्स्पेक्टर.

"तू हेडमास्तरणीसारखी विचारतेस," ते म्हणायचे. "मला गुन्ह्याऐवजी गृहपाठ आठवतो."

ऐकून सुधारता यावं म्हणून प्रत्येक तालीम मी फोनवर टिपत होते. शूटिंग झालं, दिग्दर्शक त्यांच्या पाया पडला, आणि मी घरी येऊन ती सगळी रेकॉर्डिंग्ज पुसून टाकली. फोन भरला होता, आणि चांगली प्रत मालिकेत येणारच होती. कपाट आवरावं तसा मी फोन आवरते.

मालिका आली त्या दिवशी शेजारी आमच्याकडे जमले. मी पोहे केले होते. पडद्यावर आजोबांनी तोंड उघडलं आणि आवाज आला भलत्याच माणसाचा, जाड, खरखरीत. समोरचे वकील खूश. "अरे भिया, क्या आवाज निकाली है. छा गए आप तो." आजोबा पोह्यांवर शेव घालत राहिले. सगळे गेल्यावर म्हणाले, "चेहरा तरी माझाच होता ना गं?"

मी दिग्दर्शकाच्या सहायक मुलीला फोन केला. ती गोड बोलली. "आंटीजी, सर की हिंदी में मराठी आ रही थी. कैरेक्टर तो चंबल साइड का है ना."

जन्म इंदूरचा, सगळं आयुष्य इंदूरमध्ये, तरी हिंदीत मराठी यायची हे खरंच होतं. मी तिचे आभार मानून फोन ठेवला.

मालिका गाजली. भाजी घेताना लोक त्यांना ते वाक्य म्हणायला सांगत. ते नुसते हात जोडत. पुढच्या वर्षी पक्षाघात झाला. मग मी कंपनीला चांगल्या इंग्रजीत पत्र लिहिलं, शूटिंगच्या वेळचा मूळ आवाज मिळेल का म्हणून. नम्र उत्तर आलं, तो ठेवलेला नाही. वर्षभर स्पीच थेरपी केली. ओठ हलतात, शब्द येत नाही. अजूनही कुणी भेटायला आलं की खुर्चीसमोर वाकून त्या जाड आवाजात वाक्य म्हणून दाखवतं. आजोबांना सगळं कळतं. मी चहा आणायला आत जाते.

एक रेकॉर्डिंग मात्र चुकून तुमच्या आईला गेलं होतं. ते मागच्या महिन्यात तिच्या जुन्या फोनमध्ये सापडलं. त्या तालमीत आजोबा वाक्य विसरले होते, म्हणून त्यात ते वाक्य नाही. माझा प्रश्न आहे, मग त्यांनी घसा खाकरलेला ऐकू येतो, आणि ते म्हणतात, "थांब, पुन्हा विचार." तेवढं शिल्लक आहे.